रोजच्या गोळीमागची गर्ट्रूड

ओठाच्या कडेला आधी नुसतं चुरचुरतं. आरशात पाहावं तर काहीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच जागी लालसर उंचवटा येतो आणि त्यावर पाण्यानं भरलेल्या बारीक पुटकुळ्या. मग त्या फुटतात, खपली धरते, हसायला गेलं की खपली तडकते, आणि आठ-दहा दिवस तोंडावर रुमाल धरून वावरायची वेळ येते. अंगातली उष्णता बाहेर पडली म्हणायचं, साजूक तुपाचं बोट लावायचं आणि सोडून द्यायचं, ही आपली घरोघरची रीत. वर्षातून एखाद्या वेळी होत असेल तर ते सोडून देण्यासारखंच असतं. पण काहीजणींना हा त्रास दर महिन्या-दोन महिन्यांनी होतो. ताप आला की होतो, उन्हातून आलं की होतो, जागरण झालं, पाळी जवळ आली, घरात कार्य निघालं की होतो. मीही त्यांच्यातलीच एक.

याला इंग्रजीत कोल्ड सोर म्हणतात, पण सर्दीचा आणि याचा तसा काही संबंध नाही. हा हर्पिस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूचा उद्योग. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो, कुणीतरी लाडानं घेतलेल्या पाप्यातून. फोड बरा झाला तरी विषाणू जात नाही. चेहऱ्याच्या मज्जातंतूची एक गाठ कानाच्या पुढे, कवटीच्या आत असते. तिथं तो जन्मभर झोपून राहतो आणि शरीर थकलं की त्याच वाटेनं पुन्हा ओठावर येतो. जगातल्या पन्नाशीच्या आतल्या जवळजवळ दोनतृतीयांश लोकांच्या अंगात तो आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे हर्पिस हा शब्द ऐकून दचकायचं कारण नाही आणि ओठावरचा फोड म्हणजे कुणाच्या चारित्र्याचा दाखलाही नाही. लग्नाच्या मुलीच्या ओठावर फोड दिसला की कुजबुजणाऱ्या मावश्या-काकूंनी तर हे आधी समजून घ्यावं.

ज्यांना हा त्रास वारंवार होतो त्यांना डॉक्टर कधी कधी रोज घ्यायची गोळी देतात. फोड आल्यावर घ्यायची नव्हे, तो येऊच नये म्हणून घ्यायची. मला अशी गोळी लिहून दिली तेव्हा साध्या फोडासाठी रोज औषध कशाला, असं मनात आलंच. ती काय करते, कुणी शोधली, याचा शोध घ्यायला लागले आणि मला गर्ट्रूड एलिऑन भेटली. घरचे तिला ट्रूडी म्हणत. नोबेल मिळवणाऱ्या या बाईला त्या आधी किती दारांवरून परत पाठवलं होतं, हे वाचताना मी गोळीचं कारण विसरून तिच्यातच गुंतले.

गर्ट्रूडचा जन्म न्यूयॉर्कमधला, २३ जानेवारी १९१८ चा. वडील लिथुआनियातून अमेरिकेत आलेले, दातांचे डॉक्टर. आईसुद्धा पूर्व युरोपातून चौदाव्या वर्षी आलेली. एक धाकटा भाऊ. घर खाऊनपिऊन सुखी होतं. पण १९२९ साली अमेरिकेतला शेअरबाजार कोसळला आणि वडिलांची सगळी पुंजी बुडाली. शाळेत ट्रूडी हुशार होती. वर्ग गाळत पुढे गेली आणि पंधराव्या वर्षीच शाळा संपली.

त्याच सुमारास तिचे आजोबा पोटाच्या कॅन्सरनं गेले. आजोबांवर तिचा फार जीव. त्यांचं ते हळूहळू विझणं तिनं जवळून पाहिलं आणि या रोगावर काहीतरी करायचं असं तिच्या मनानं घेतलं. त्यासाठी तिनं रसायनशास्त्र निवडलं. पैसे नसूनही शिकता आलं ते न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजमुळे. मुलींचं कॉलेज, गुणवत्तेवर प्रवेश आणि फी नाही. ती सोय नसती तर तिथंच सगळं थांबलं असतं. १९३७ साली, एकोणीस वर्षांची असताना, ती अव्वल गुणांनी पदवीधर झाली.

पुढे शिकायला पैसे हवे होते. तिनं पंधरा विद्यापीठांकडे शिष्यवृत्तीसाठी अर्ज केले. एकाही ठिकाणी मिळाली नाही. मंदीचे दिवस, पुरुषांनाच नोकऱ्या नाहीत, तर मुलीला कोण विचारणार! एका मुलाखतीत तर तिला असं सुचवण्यात आलं, की तिच्यासारखी देखणी मुलगी प्रयोगशाळेत आली तर बाकीच्यांचं कामात लक्ष लागायचं नाही. आपल्याकडे आजही मुलींना अशी उत्तरं ऐकावी लागतात, शब्द तेवढे बदललेले असतात.

मग तिनं मिळेल ते केलं. सेक्रेटरीच्या कोर्सला नाव घातलं, ते सहा आठवड्यांत सोडलं, कारण नर्सेसना शिकवायचं तीन महिन्यांचं काम मिळालं. ते संपल्यावर एका रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत आधी बिनपगारी राबली, नुसता अनुभव मिळावा म्हणून. दीड वर्षानं तिथून निघताना पगार होता आठवड्याला वीस डॉलर. राहायला आईवडिलांकडेच, त्यामुळे त्यातूनही शिल्लक टाकली आणि १९३९ साली न्यूयॉर्क विद्यापीठात एम. एस्सी.ला गेली. रसायनशास्त्राच्या वर्गात ती एकटी मुलगी. एका डॉक्टरांकडे स्वागतिकेचं काम, मग शाळेत बदली शिक्षिका, आणि प्रयोग रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी. १९४१ साली पदवी हातात आली.

पण ते साल तिच्या आयुष्यातलं सगळ्यात काळं साल ठरलं. लिओनार्ड कँटर नावाच्या हुशार तरुणाशी तिचं लग्न करायचं ठरलं होतं. त्याच्या हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला. त्या वेळी यावर औषध नव्हतं. लिओनार्ड गेला. पुढच्या थोड्याच वर्षांत पेनिसिलिन सगळीकडे मिळू लागलं आणि हा आजार बरा होऊ लागला. औषध वेळेत नसणं म्हणजे काय, हे तिला आजोबांच्या वेळी कळलं होतं, आता ते आतपर्यंत रुतलं. तिनं पुढे लग्न केलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात पुरुष सैन्यात गेले आणि प्रयोगशाळांना अचानक बायका चालू लागल्या. ट्रूडीला पहिली नोकरी मिळाली ती खाद्यपदार्थांच्या कंपनीत. लोणच्याचा आंबटपणा मोजायचा, मेयॉनीजमध्ये जाणाऱ्या अंड्याच्या बलकाचा रंग तपासायचा! कॅन्सरवर औषध शोधायला निघालेली मुलगी दीड वर्ष हे करत होती. शिकण्यासारखं सगळं शिकून झाल्यावर तिनं ते सोडलं. दुसऱ्या एका कंपनीतली प्रयोगशाळा सहा महिन्यांत बंद पडली. मग १९४४ साली वडिलांनी एका औषध कंपनीचं नाव सुचवलं. त्यांच्या दवाखान्यात त्या कंपनीचे नमुने येत. कंपनी होती बरोज वेलकम. तिथल्या जॉर्ज हिचिंग्ज या शास्त्रज्ञानं तिला मदतनीस म्हणून घेतलं आणि तिची वणवण थांबली. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती.

हिचिंग्ज यांची कामाची रीत वेगळी होती. त्या काळी औषधं बहुतांशी अंदाजपंचे शोधली जात. हे दोघं उलट बाजूनं निघाले. पेशी कशा वाढतात ते आधी नीट समजून घ्यायचं, रोगाच्या पेशीत आणि आपल्या पेशीत फरक कुठे आहे तो हुडकायचा आणि नेमकं तिथंच बोट ठेवायचं. पेशीला वाढायचं तर स्वतःच्या डीएनएची नक्कल करावी लागते. डीएनए म्हणजे ठरावीक मण्यांची लांबलचक माळ समजा. मग खऱ्या मण्यासारखा दिसणारा खोटा मणी तयार करून दिला तर? रोगाची पेशी फसेल, तो मणी ओवायला जाईल आणि माळ बिघडेल. असे खोटे मणी बनवणं हे गर्ट्रूडचं आयुष्यभराचं काम झालं.

नोकरी करता करता तिनं पीएच. डी.साठी ब्रुकलिनच्या पॉलिटेक्निकमध्ये रात्रीच्या वर्गांना नाव घातलं. दिवसभर काम, संध्याकाळी लांबचा प्रवास. दोन वर्षांनी तिला सांगण्यात आलं, की असं अर्धवेळ चालणार नाही, पदवी हवी तर नोकरी सोडा. तिनं पदवी सोडली. नावापुढे डॉक्टर लागणार नाही, लोक आपल्याला कमी लेखतील, हे तिला दिसत होतं. पण इतक्या वर्षांनी हाती आलेलं काम सोडायला ती तयार नव्हती.

१९५१ साली तिनं एक संयुग बनवलं. त्याचं नाव सिक्स-मरकॅप्टोप्युरिन. रक्ताचा कॅन्सर झालेली मुलं तेव्हा निदानानंतर काही महिन्यांतच जायची. या औषधानं त्यांना थोडा का होईना वेळ दिला आणि १९५३ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. एकट्या औषधानं रोग उलटायचा. याआधीच्या एका औषधानं एक तरुण रुग्ण इतकी सुधारली की तिला मूलही झालं, पण आजार उलटला आणि ती गेली. गर्ट्रूडला हे दुःख वर्षानुवर्षं विसरता आलं नाही. पुढे इतर औषधांची जोड मिळाली आणि चांगले उपचार मिळणारी बहुसंख्य मुलं बरी होऊ लागली. आजही त्या उपचारात ही गोळी आहे. आपल्याकडच्या कॅन्सर रुग्णालयांतली मुलंही दीर्घकाळ रोज ती घेतात.

मग एकामागून एक औषधं आली. अ‍ॅझाथायोप्रिन आलं आणि दुसऱ्याची किडनी शरीरानं नाकारू नये याची सोय झाली. रक्ताच्या नात्यात नसलेल्या माणसाची किडनी बसवण्याची शस्त्रक्रिया १९६२ साली बोस्टनमध्ये यशस्वी झाली ती याच औषधाच्या जोरावर. पाठोपाठ संधिवाताचाच एक प्रकार असलेल्या गाऊटसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल आलं. तुमच्या सासऱ्यांचा अंगठा युरिक अ‍ॅसिडनं सुजत असेल तर घरात ते असेलही. मला इथं एक गोष्ट जाणवली. तिची यातली बरीचशी औषधं चार दिवस घेऊन संपणारी नाहीत. ती रोज घ्यायची, रोगाला ताब्यात ठेवायची. तिनं स्वतःही काम तसंच केलं, रोज आणि न कंटाळता. १९६७ साली ती आपल्या विभागाची प्रमुख झाली.

आणि आता आपल्या पुटकुळीकडे येऊ. विषाणूवर औषध करणं अवघड, कारण विषाणू आपल्याच पेशीत शिरून आपल्याच यंत्रणेवर वाढतो. त्याला मारायला जावं तर पेशीही मरते. त्यामुळे त्या काळी विषाणूवर सुरक्षित औषध होणारच नाही असं पुष्कळ शास्त्रज्ञांचं मत होतं. गर्ट्रूडच्या एका जुन्या संयुगाचा १९४८ साली विषाणूवर परिणाम दिसला होता, पण ते फार विषारी होतं. तिनं तो धागा बाजूला ठेवला, टाकून दिला नाही. वीस वर्षांनी, १९६८ साली, तिनं तो पुन्हा हातात घेतला. १९७० साली कंपनी नॉर्थ कॅरोलिनाला हलली, हॉवर्ड शेफर हे रसायनतज्ज्ञ येऊन मिळाले, इंग्लंडमधल्या कंपनीच्या प्रयोगशाळेत विषाणूवरच्या चाचण्या झाल्या आणि त्यातून अ‍ॅसायक्लोव्हिर हाती आलं. जगाला ते कळलं १९७७-७८ च्या सुमारास.

या औषधाची गंमत ऐका. गोळीतून पोटात गेलेलं अ‍ॅसायक्लोव्हिर निरोगी पेशीत जवळजवळ निपचित पडून राहतं. जिथं हर्पिसचा विषाणू जागा होऊन वाढत असतो तिथं त्या विषाणूचं स्वतःचं एक एन्झाइम असतं. तेच एन्झाइम या औषधाला जागं करतं. मग विषाणू माळ ओवायला बसतो, हा खोटा मणी घेतो, पण या मण्याला पुढचा मणी अडकवायला टोकच नसतं. माळ तिथंच खुंटते. म्हणजे विषाणू आपल्याच हातानं आपली वाट बंद करतो आणि शेजारच्या पेशींना फारसा धक्का लागत नाही. हे नेमकं कसं घडतं ते उलगडण्यात गर्ट्रूड आणि तिच्या सहकाऱ्यांनी वर्षं घालवली. १९८२ साली अमेरिकेत मलम आणि इंजेक्शन आलं, १९८५ साली गोळी. मेंदूपर्यंत पोचलेल्या हर्पिसमध्ये उपचाराविना दहातले सातजण दगावत, तिथं हे इंजेक्शन जीव वाचवू लागलं. आपल्याकडे ज्या नागिणीवर गेरूचा लेप देतात आणि तिचा विळखा पुरा झाला की माणूस जातो म्हणून घाबरतात, त्या नागिणीवरही हेच औषध चालतं, पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केलं तर अधिक चांगलं.

गर्ट्रूड १९८३ साली निवृत्त झाली, म्हणजे कागदोपत्री. सल्लागार म्हणून येतच राहिली. तिच्याकडे तयार झालेल्या सहकाऱ्यांनी एड्सवरचं पहिलं औषध, एझेडटी, पुढे आणलं आणि १९८७ साली त्याला परवानगी मिळाली. १९८८ साली, सत्तराव्या वर्षी, तिला हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्याबरोबर वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. वैद्यकशास्त्रातला हा मान मिळालेली ती पाचवी स्त्री, आणि पीएच. डी. नसलेली. पुढच्याच वर्षी, १९८९ साली, ज्या ब्रुकलिनच्या संस्थेनं तिला नोकरी किंवा पदवी यातलं एक निवडायला लावलं होतं, तिनं तिला सन्मानानं डॉक्टरेट दिली. बऱ्या झालेल्या रुग्णांची पत्रं तिला येत आणि पुरस्कारांपेक्षा तिला त्यांचंच अप्रूप होतं.

रोजच्या गोळीचा भाग यानंतरचा. १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, वारंवार फोड येणाऱ्यांनी अ‍ॅसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असं चार महिने घेतलं. फोड येण्याचं प्रमाण निम्म्याहून थोडं अधिक, म्हणजे ५३ टक्क्यांनी, घटलं. १९९५ साली व्हॅलासायक्लोव्हिर आलं. ते पोटात जाऊन अ‍ॅसायक्लोव्हिरच होतं, पण शरीरात जास्त प्रमाणात शोषलं जातं म्हणून कमी वेळा घ्यावं लागतं. २००३ सालच्या अभ्यासात ते ५०० मिलिग्रॅम रोज घेणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांना चार महिन्यांत एकदाही फोड आला नाही. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३८ टक्के होतं. डोळ्यात हर्पिस होऊन गेलेल्यांसाठी तर रोजचं औषध फारच मोलाचं आहे, कारण तिथं नजरेचा प्रश्न असतो. १९९८ सालच्या मोठ्या अभ्यासात वर्षभर अ‍ॅसायक्लोव्हिर घेणाऱ्यांपैकी १९ टक्के लोकांना तो आजार पुन्हा झाला, न घेणाऱ्यांत ३२ टक्के.

आकडे पाहिलेत ना? ही जादू नाही. गोळी विषाणूला घालवत नाही, दाबून ठेवते. बंद केली की फोड पुन्हा येऊ शकतात. म्हणून ती सगळ्यांसाठी नाही. वर्षातून एकदा-दोनदा त्रास होणारीला काही गरज नाही, तिनं हवं तर चुरचुरायला लागताच डॉक्टरांना विचारून थोड्या दिवसांचा कोर्स घ्यावा. वर्षातून सहा-सात वेळा किंवा त्याहून जास्त होत असेल, फोड मोठे असतील, तर रोजच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलावं. हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं, तेव्हा किडनीचा आजार असेल तर तो आधी सांगायचा, आणि पाणी भरपूर प्यायचं. दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर तेही सांगायचं. काही महिन्यांनी थांबवून गरज उरली आहे का ते डॉक्टरांकडून पाहून घ्यायचं. शेजारणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून आणायची ही गोळी नव्हे.

आणखी दोन गोष्टी बिनपैशाच्या. उन्हात जाताना ओठ स्कार्फनं झाका. आणि फोड असेल तेव्हा तान्ह्या बाळाचा पापा घेऊ नका, कुणाला घेऊही देऊ नका, मग ती व्यक्ती कितीही मानाची असो. महिन्याच्या आतल्या बाळाला हा विषाणू जिवावर बेततो. बारशाला आलेल्या पाहुण्यांना हे सांगायला बाळंतिणीला अवघड जातं, तेव्हा घरातल्या मोठ्या बाईनंच सांगावं.

२१ फेब्रुवारी १९९९ रोजी गर्ट्रूड एलिऑन नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपल हिल इथं गेली. वय ८१. शेवटपर्यंत ती तरुण विद्यार्थ्यांना संशोधन शिकवत होती. पंधरा विद्यापीठांनी नाकारलेली, लोणच्याचा आंबटपणा मोजणारी ती मुलगी फुकट शिकवणाऱ्या एका मुलींच्या कॉलेजमुळे इथवर आली. बारावी सायन्स झालेल्या लेकीला तालुक्याच्या कॉलेजात बी. एस्सी.ला घालायचं की लवकर उजवून टाकायचं, असा विचार या जूनमध्ये कुणाच्या घरी चालला असेल, तर त्या घरात गर्ट्रूडची गोष्ट जरूर सांगा.